दोन कार्डं आणि बाहेरचा काटा

कारखान्यांचे बॉयलर पेटल्याच्या बातम्या पेपरात येऊ लागल्या की मला मळीचा वास यायला लागतो. मी राहते बीडमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, आणि जवळपास कुठे साखर कारखाना नाही. तरी येतो. आंबूस, गोडसर, घशाशी रेंगाळणारा. दोन वर्षांपूर्वी नाकाच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, नाक ठणठणीत आहे. मला त्यांचाही संशय आला. नाकात नीट बघितलंसुद्धा नव्हतं त्यांनी.

यंदाही वास आला. खालच्या रस्त्यानं मांजरसुंब्याकडे ट्रॅक्टर जाऊ लागले. मागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यांत पत्रे, बांबू, चुली, पाण्याचे ड्रम, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि या सगळ्यावर बसलेली माणसं. कर्ण्यावर गाणी चालू. दिवाळी झाली की अर्धा जिल्हा असा कोयते घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतो. मी गॅलरीत उभी राहून बघते आणि माझ्याही नकळत ट्रॉलीत किती माल असेल याचा अंदाज घेते. ही सवय वडलांकडून आली. अण्णा माजलगावकडच्या एका साखर कारखान्यात काट्यावर होते. काट्यावर म्हणजे वजनकाट्यावर. उसाच्या गाडीचं वजन करून पावती फाडायची हे त्यांचं काम.

त्याच आठवड्यात परभणीहून कुरिअरनं एक खोकं आलं. पावतीवर वजन लिहिलेलं होतं. मी खोकं आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. वजन जुळलं. चिकटपट्टी पुन्हा लावल्याची खूण दिसते का ते बघितलं. नव्हती. मग उघडलं. आत बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली दोन कार्डं होती आणि सोबत एक फ्लॉपी.

माझा स्वभाव असाच आहे, हे एकदा कबूल केलेलं बरं. पेट्रोल भरताना मी गाडीतून उतरून मशीनवरचं शून्य बघते. दुधात पाणी नाही म्हणणाऱ्या गवळ्याकडे मी आणखी बारकाईनं बघते. तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवलं, पण पुस्तकामागच्या उत्तरांवर माझा कधी विश्वास बसला नाही. स्वतः सोडवून बघितल्याशिवाय मी फळ्यावर उत्तर लिहिलं नाही. मुलं मला मागून काय म्हणायची ते मला ठाऊक आहे. इथं सांगत नाही.

आता त्या कार्डांविषयी. माझ्याकडे एक जुना घरगुती संगणक आहे. कीबोर्डाच्या जाड खोक्यातच सगळा संगणक, उजव्या कुशीत फ्लॉपीची फट, आणि मागून वायर काढून टीव्हीला जोडायची. आजच्या साध्या मोबाइलपुढेही तो अगदीच मंद. पण असल्या संगणकांवर जीव टाकणारी माणसं अजून आहेत. ती त्यांना स्वच्छ करतात, त्यांचे गळके कपॅसिटर बदलतात, आणि त्यांचा वेग वाढवायला त्यांच्या पोटात ॲक्सिलरेटर कार्ड बसवतात. हे कार्ड म्हणजे जुन्या प्रोसेसरला बाजूला सारून त्याचं काम करणारा दुसरा, चपळ प्रोसेसर. सोबत त्याची स्वतःची मेमरीही असते. कार्ड विकणारा प्रत्येक जण सांगतो, माझं कार्ड बसवा, मशीन अमुक पट पळेल. या अमुक पटीतच सगळं पाणी मुरतं.

मोबाइलवर आमचा एक ग्रुप आहे. देशभरची पन्नास-साठ माणसं. तिथं कुणी नवं कार्ड दाखवलं की पहिला प्रश्न येतो, नंदाताईंनी बघितलंय का? मी ज्याला बरं म्हटलं ते खपतं, ज्याला बोगस म्हटलं ते मरतं. मी कुणावर विश्वास ठेवत नाही म्हणूनच लोक माझ्यावर ठेवतात. याचा मला थोडा अभिमान होता, हेही कबूल करते.

खोकं पाठवलं होतं परभणीच्या अन्वरभाईंनी. आयुष्यभर त्यांनी रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले. आता दुकान मुलाकडे सोपवून ते घरी बसून कार्डं बनवतात. भिंगाखाली, चिपचा एक-एक पाय सोल्डरनं डाखून. दोनपैकी एक कार्ड त्या काळातलं अस्सल होतं, त्यांच्या संग्रहातलं, कडेला पिवळं पडलेलं. दुसरं त्यांनी स्वतः बनवलेलं, तळहातापेक्षा लहान. फोनवर म्हणाले, "एक अस्सल हाय, एक माझं हाय, अस्सलच्या कित्येक पट पळनारं. दोन्ही तोला, बाई. माझं हलकं निघालं तर ग्रुपवर खुशाल लिहा. न्हाई निघालं तर ते बी लिहा." एवढ्या मोकळेपणानं बोलणाऱ्या माणसाविषयी मनात पाल चुकचुकणारच. चोराच्या जिभेवर साखर असते असं नव्हे, पण मोकळ्या माणसाची मला सवय नाही.

तोला. हा शब्द त्यांनी वापरला आणि मी थेट कारखान्याच्या कॉलनीत जाऊन पडले.

भोंगा वाजायचा. सकाळचा, दुपारचा, संध्याकाळचा. त्यावर आमच्या घरातला चहा, जेवण, अभ्यास चालायचा. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडायची आणि आई ती झटकताना रोज तेच पुटपुटायची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उसाच्या बैलगाड्या, ट्रक, ट्रॅक्टर. सगळे आपला नंबर लागायची वाट बघत उभे. बैल वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, खात, बाया गाडीखालीच भाकरी थापत, माणसं तंबाखू मळत. रांगेच्या टोकाला काटा, काट्याला लागून खिडकी, आणि खिडकीत अण्णा.

काट्यावरच्या माणसाकडे लोक कसे बघतात हे ज्यानं बघितलंय त्यालाच कळेल. नमस्कार करताना हसतात, पण नजर हातावर असते. वजनात काटा मारतात अशी प्रत्येक कारखान्याविषयी बोली असते. खरंखोटं देव जाणे. म्हणून हुशार शेतकरी काय करायचा, तर गाडी कारखान्यावर आणण्याआधी रस्त्यातल्या खाजगी काट्यावर, बाहेरच्या काट्यावर, एकदा तोलून घ्यायचा. ती चिठ्ठी बंडीच्या खिशात. मग कारखान्याची पावती हातात पडली की दोन्ही कागद शेजारी धरायचे. आमच्याकडे सोयरीक जुळवतानासुद्धा लोक विचारतात, बाहेरच्या काट्यावर बघितलं का? म्हणजे मुलाची चौकशी तिऱ्हाइताकडे केली का. मी ह्याच हवेत वाढले.

त्या सालचा हंगाम मला दिवसन् दिवस आठवतो, कारण त्याच हंगामात हा संगणक आमच्या घरी आला. मी तेरा वर्षांची. कॉलनीत पुण्याकडचे एक तरुण इंजिनिअर राहायचे. त्यांच्या भावानं परदेशातून त्यांना हे मशीन पाठवलेलं. मी त्यांच्या दारातून आत बघत उभी राहायची. टीव्हीच्या पडद्यावर ते अक्षरं टाइप करायचे आणि मशीन उत्तर द्यायचं. नोकरी सोडून जाताना त्यांना तिकडं जायला-यायला एक गाडी हवी होती. अण्णांनी आपली मोपेड त्यांना दिली आणि बदल्यात हा संगणक घेतला. दुसऱ्या दिवसापासून अण्णा ड्युटीवर पायी जाऊ लागले.

आता सांगा, यावर कोण विश्वास ठेवील? काटा क्लार्कच्या घरी परदेशी संगणक. आणि विचारलं तर सांगतो काय, मोपेडच्या बदल्यात घेतला. अख्खी कॉलनी हसली. नळावर बाया आईला ऐकवून म्हणायच्या, "आमच्या उसाचंच हाय ते यंत्र." खरं कारण इतकं वेडगळ होतं की खोटं कारण त्याच्यापेक्षा बरं वाटायचं. आईनं अर्धा विश्वास ठेवला. मी मशीनवर बोटं चालवायची, दोन आकड्यांची बेरीज करून घ्यायची, आणि मनात म्हणायची, हे खरंच मोपेडचं आहे ना?

अण्णा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. आई गेल्यापासून माझ्याकडे. ऐकू नीट येतं, गुडघे गेले, आकडे मात्र तसेच पाठ. मी कार्डं तपासायला बसले की ते खुर्ची ओढून शेजारी बसतात.

"ह्याचं वजन कसं करतीस?" त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं.

मी समजावलं. वेग मोजायचे तयार प्रोग्राम मिळतात, पण ते मशीनच्याच घड्याळावर वेळ मोजतात. ज्याला तोलायचं त्याच्याच हातात तराजू. कार्ड बसवल्यावर ते घड्याळच बिघडलं तर? म्हणून मी माझा स्वतःचा प्रोग्राम लिहिलाय. तो एका ठराविक आकड्यापर्यंतच्या मूळ संख्या शोधतो. आणि त्याला किती वेळ लागला ते बाहेरच्या घड्याळावर बघायचं.

"म्हंजे बाहेरचा काटा," अण्णा म्हणाले.

"तेच."

"मग माझ्याकडं दे. मी टाइम घेतो."

त्यांच्या मोबाइलमधलं स्टॉपवॉच मी लावून दिलं. ते ताठ बसले. अंगठा पडद्याच्या जरा वर धरला, जसा ते पूर्वी काट्याच्या सुईवर डोळा धरायचे. "हं, सोड," म्हणाले. कार्डाविना मशीननं साडेसहा मिनिटं घेतली. मग मी अस्सल जुनं कार्ड बसवलं. बावन्न सेकंद. अण्णांनी तीन वेळा वेळ घेतली, तिन्ही वेळा बावन्नच्या आसपास. मी वहीत लिहिलं. त्यांनी वही ओढून आकडे बघितले आणि मान हलवली. मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचा मला लगेच रागही आला. कारण या माणसाचा आकडा बरोबर की चूक, ही शंका माझ्या मनात चाळीस वर्षं घर करून होती.

आता ते सांगायलाच हवं.

त्या हंगामात कुसुम माझ्या वर्गात होती. तिचे वडील लक्ष्मणमामा. चार कोसांवर त्यांचं रान, स्वतःची बैलगाडी. शाळेत एक दिवस मुलींनी मला घेरलं. काय म्हणाल्या ते आठवत नाही. मला एवढंच आठवतं की कुसुम गप्प होती आणि तिचं गप्प राहणंच मला जास्त लागलं. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "तुझ्या वडलांना सांग, पुढची गाडी बाहेरच्या काट्यावर तोलून आणा. दोन्ही चिठ्ठ्या मला दाखव." सापळा मीच लावला. माझ्या बापाला पकडायला. मला वाटलं होतं, आकडे जुळतील आणि मी त्या मुलींच्या तोंडावर चिठ्ठ्या फेकीन.

चार-पाच दिवसांनी कुसुमनं कंपासपेटीतून दोन घडी केलेले कागद काढले. बाहेरचा काटा, भरलेली गाडी, एकवीस क्विंटल चाळीस किलो. कारखान्याचा काटा, तीच गाडी, वीस क्विंटल पंचेचाळीस.  मग तिनं कागद परत घेऊन पेटीत ठेवले आणि ती वर्गात गेली.

घरी येऊन मी संगणक लावला. वजाबाकी मला तोंडी येत होती. तरी मी तीन ओळींचा प्रोग्राम लिहिला. पहिला आकडा, दुसरा आकडा, फरक. मशीननं खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. पडद्यावर आलं, पंच्याण्णव किलो. मी कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत होते. तेवढ्यात आईनं जेवायला हाक मारली आणि मी उठून आत गेले. परत आले तर टीव्ही बंद होता. मला वाटलं, लाइट गेली असेल. अण्णा अंगणात हात-पाय धूत होते.

पंधरा दिवसांत अण्णांनी काटा सोडला. स्वतः अर्ज करून स्टोअरला बदली मागितली. बोल्ट, पट्टे, ग्रीसचे डबे मोजायचं काम. सगळे म्हणाले, बघा, अंगाशी आलं असणार, म्हणून उतरला. मला तर पुरावाच मिळाला. पुढं मी शिकले, नोकरीला लागले, लग्न केलं, त्यांना घरी आणलं, औषधं वेळेवर दिली. सगळं केलं. पण आतल्या आत एक अंतर धरून. त्यांनी नातवाला दिलेल्या दोन बिस्किटांकडेसुद्धा मी तपासनिसासारखी बघायची. आपण किती वाईट बघतो हे आपल्याला दिसत नसतं.

असो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी अन्वरभाईंचं कार्ड बसवलं. आदल्या दिवशी वापरलेली, खोक्यातून आलेली फ्लॉपी कुरकुरली, वाचलीच गेली नाही. बुरशी. या हवेत फ्लॉप्या टिकत नाहीत. मी माझ्याकडच्या दुसऱ्या फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं. पडद्यावर सोळा रंगांचं एक सुरेख चित्र आलं, डोंगर, तळं वगैरे. माझा प्रोग्राम चालवला.

"हं, सोड," अण्णा म्हणाले.

एक मिनिट झालं. दीड झालं. मी उठून पाणी पिऊन आले. तीन मिनिटं दहा सेकंदांनी उत्तर आलं. अस्सल कार्ड बावन्न सेकंद, आणि त्याच्या कित्येक पट पळतं म्हणून सांगितलेलं हे कार्ड तीन मिनिटं दहा. पुन्हा लावलं. तेच. तिसऱ्यांदा, तेच.

खरं सांगते, मला आनंद झाला. संशयी माणसाचा तो एक खास आनंद असतो. बघा, मी म्हणत नव्हते? एवढ्या मोकळेपणानं बोलत होता, तेव्हाच मी ओळखलं होतं. मी ग्रुप उघडला आणि लिहिलं, "परभणीचं नवं कार्ड दाव्याप्रमाणे चालत नाही. आकडे सोबत देत आहे. कुणी घेऊ नये." वहीच्या पानाचा फोटो जोडला. पाठवायचं बटण तेवढं दाबायचं राहिलं होतं.

"काय लिव्हलंस?" अण्णांनी विचारलं. मी वाचून दाखवलं.

"त्या माणसाला इचारलं का?"

"काय विचारायचं? आकडे समोर आहेत, अण्णा. तुम्हीच घेतलेत."

"आकडे आपल्याला दिसले. त्याला कुठं दिसले?"

"तो काय सांगणार? काहीतरी कारण काढील."

"काढू दे की. कारण ऐकाया काय जातंय? नाव जायचं हाय त्याचं. आदी इचार, मग लिव्ह."

मला त्यांचा राग आला. या माणसानं मला न्याय शिकवावा, असंच माझ्या मनात आलं. पण ते माझ्याकडे बघतच राहिले, म्हणून मी फोन लावला आणि त्यांनाही ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला. अन्वरभाईंना सगळे आकडे कडक आवाजात वाचून दाखवले. ते जराही रागावले नाहीत.

"बाई, एक सांगा. पहिल्या दिवशीची फ्लॉपी आन् दुसऱ्या दिवशीची एकच हाय का?"

"नाही. ती खराब झाली. दुसरी लावली."

"ही सुरू होताना काय दिसतंय?"

"चित्र दिसतं. डोंगर, तळं."

पलीकडं ते हसले. "मग कार्डाचा काय कसूर? पहिल्या फ्लॉपीत कार्डाची मेमरी जोडायची ओळ होती. मीच टाकून दिलती. ह्या फ्लॉपीत ती न्हाई. म्हंजे कार्ड बसलं, पन त्याची मेमरी मशीनला ठावूकच न्हाई. तुमचा प्रोग्राम जुन्याच मेमरीत चाललाय. आन् त्या मेमरीवर पहिला हक चित्र काढणाऱ्या चिपचा. जेवढे रंग जास्ती, तेवढा तिचा नंबर जास्ती. माझं कार्ड तेजच हाय बाई, मगर ते बिचारं लाइनीत उभं हाय."

मी फ्लॉपी बदलली होती. आणि वहीत लिहिली नव्हती. तीस वर्षं मुलांना सांगत आले, दोन मापं घेताना मधली प्रत्येक गोष्ट लिहा. आणि मी स्वतः फक्त आकडे लिहिले. मला शरम वाटली. फोन ठेवताना मी अन्वरभाईंना माफ करा म्हटलं, ते म्हणाले, "कावून माफी? इचारलं की तुमी."

 मी पाठवायचा मजकूर खोडत होते. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. खालून एक ट्रॅक्टर गेला, कर्णा वाजवत.

"तसंच असतंय," अण्णा म्हणाले. "गाडी तीन दिस नंबरात उभी ऱ्हायली की ऊस वाळतोच. त्याला काटा काय करील?"

माझं बोट थांबलं. तीन दिवस. त्या हंगामात मिलचा रोलर तुटला होता आणि तीन दिवस भोंगा वाजला नव्हता. आमचा चहा-जेवण सगळं अवेळी झालं होतं. रांग पार फाट्यापर्यंत गेली होती. मला हे माहीत होतं. शाळेत जाताना त्या रांगेच्या कडेनंच मी चालत होते. बैल गाडीतलंच वाढं ओढून खाताना मी बघितले होते. पोरं मोळीतून ऊस उपसून खात होती तेही बघितलं होतं. आणि तरी मी दोनच आकडे धरले. बाहेरचा काटा आणि आतला काटा. मधले तीन दिवस मी कुठं लिहिलेच नाहीत.

"कुठली गाडी, अण्णा?" मी विचारलं. 

"लक्ष्मणची. एकवीस चाळीस, आन् आपल्याकडं वीस पंचेचाळीस."

मी त्यांना त्या चिठ्ठ्यांविषयी कधीच काही बोलले नव्हते. आईलाही नाही, नवऱ्यालाही नाही.

"तुम्ही बघितलं होतं?"

"टीव्ही तूच चालू ठिवून जेवाया गेलतीस. मी ड्युटीवरून आलो, तर समोर आकडे. काट्यावरच्या माणसाला गाडीचे आकडे वळखाया येळ लागत न्हाई. मीच बंद केला."

"मग मला बोलला का नाहीत? ऊस वाळला म्हणून सांगायचं होतं."

"तू कुठं इचारलंस?"

 तेरा वर्षांची होते, हे कारण होऊ शकलं असतं. पण मी चौदाची झाले, वीसची झाले, पन्नाशी ओलांडली. दर दिवशी एकदा विचारता आलं असतं.

"आणि काटा का सोडलात? सगळे म्हणाले की तुम्हीच..."

"म्हणू दे की. लोकं आदीपासूनच म्हणत व्हते." त्यांनी मोबाइल हातातल्या हातात फिरवला. "सगळ्या तालुक्याचा संशय मी पगारात धरलता, माय. घरातला धरला नव्हता. दुसऱ्या दिशी खिडकीत बसलो आन् हात थरथराया लागला. सुईवर डोळा ठरंना. काट्यावरच्या माणसाचा हात थरथरून भागत न्हाई. म्हनून उतरलो."

मला रडू आलं. मी ते आवरलं नाही. अण्णांनी समजूत वगैरे काही घातली नाही. आमच्या घरात तशी पद्धतच नाही. ते टेबलावरचं अन्वरभाईंचं कार्ड बोटानं माझ्याकडे सरकवायला गेले. पण कार्ड तर मशीनमध्येच होतं. त्यांच्या बोटाला कार्डाची नुसती रिकामी पिशवी लागली. आम्ही दोघंही त्या पिशवीकडे बघत राहिलो, आणि मग हसलो. रडता रडता हसताना नाक फार वाहतं. तो मळीचा वास तेव्हाही होताच.

"चल," अण्णा म्हणाले, "ती मेमरी का काय ती जोड. परत तोलू. त्या माणसाचा निकाल लागला पायजे."

अन्वरभाईंनी फोनवर सांगितलेली ओळ मी नव्या फ्लॉपीत लिहिली. चित्र काढून टाकलं, साधा निळा पडदा ठेवला. वहीत तारखेखाली आधी फ्लॉपी लिहिली, मग पडदा, मग खोलीतली हवासुद्धा. अण्णांनी अंगठा वर धरला. मी कळीवर बोट ठेवलं.

"थांब," ते म्हणाले. "तुझा बी मोबाइल लाव. दोन काटे असू दे."

"नको अण्णा. तुमचाच पुरे."

"नको कशाला? लाव म्हणतो ना. काट्याला दुसऱ्या काट्याची भीती कशापायी?"

मी लावला. "हं, सोड." मूळ संख्या भराभर पडद्यावर सरकल्या आणि थांबल्या. आम्ही दोघांनी आपापले मोबाइल टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. अण्णांचे अकरा पॉइंट दोन सेकंद. माझे अकरा पॉइंट सहा.

अण्णा चष्मा वर करून दोन्ही पडद्यांवर झुकले. "फरक हाय," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं.

"असू दे," मी म्हटलं, आणि वहीत त्यांचा आकडा लिहिला.